उपकरण क्रमांक सतरा यांच्या स्थलांतराविषयी

सकलगुणमंडित, भूमापनशास्त्रपारंगत, हिरवळप्रतिपालक आमचे एकमेव साडूभाऊ यांसी,

रुग्णालयाच्या जिवाणू-कक्षातील तीन पायांच्या स्टुलावर (चौथा पाय दुरुस्तीसाठी भांडारात जमा आहे, पावती मिळाली, पाय मिळाला नाही) तोल सांभाळीत बसलेल्या अस्मादिकांचा सविनय नमस्कार पोहोचावा. आपला गुडघा आता जिना मानू लागला असल्याचे आमच्या सौभाग्यवतींकडून कळले. मेहुणीबाईंचा रक्तदाब स्थिर आहे, हेही त्याच वृत्तसंस्थेकडून समजले. परसातली हिरवळ आपण अलीकडे मोजपट्टी लावून कापता, आणि तिच्यावर पाऊल ठेवणाऱ्या कावळ्यालाही आपण जाब विचारता, असे ऐकिवात आहे. परमेश्वर त्या हिरवळीस दीर्घायुष्य देवो. (हे वाक्य मी अंतःकरणपूर्वक लिहिले आहे, याची पुढे आठवण ठेवावी.)

प्रारंभीच स्पष्ट करतो की हे पत्र कोणत्याही याचनेसाठी लिहिलेले नाही. गेल्या महिन्यात आमच्या रुग्णालयात जे घडले त्याच्या तीन आवृत्त्या नातेवाइकांत फिरत आहेत. एका आवृत्तीत मला वेड लागले आहे, दुसरीत मला बडतर्फ केले आहे, आणि तिसरीत (ही आपल्या मातोश्रींची) मी पशुहत्येच्या गुन्ह्यात अडकलो आहे. तेव्हा सत्य काय ते एकदा शाईने लिहून ठेवावे, एवढाच माझा निरिच्छ हेतू. सत्यास थोडा विस्तार लागतो. आपण खुर्ची पुढच्या खोलीतच घ्यावी, तिथे उजेड चांगला असतो.

आपणांस ठाऊकच आहे की मी गेली सव्वीस वर्षे जिवाणूंची ओळख पटवण्याचे कार्य करतो. मोठ्या शहरांत हे कार्य कपाटाएवढी यंत्रे करतात. आमच्याकडे कपाट आहे, पण त्यात यंत्र नाही. त्यात मी आहे आणि माझी सामग्री आहे. एक झाकणाची बरणी आहे, तिच्यात जिवाणू पेरलेल्या ताटल्या रचून मेणबत्ती लावतो आणि झाकण घट्ट बसवतो. ज्योत हवेतला प्राणवायू खाऊन विझते आणि ज्या नाजूक प्रकृतीच्या जिवाणूंना तशीच कोंदट हवा लागते ते आत सुखाने वाढतात. एक प्रेशर कुकर आहे, तो माध्यमे, म्हणजे ताटल्यांतले जिवाणूंचे जेवण, निर्जंतुक करतो. (हा कुकर कोणाच्या स्वयंपाकघरातून आला याविषयी घरात अकरा वर्षे वाद आहे, मी पुराव्याअभावी निर्दोष.) दात कोरण्याच्या काड्यांचा एक डबा आहे. काडीच्या टोकावर जिवाणूंचा ठिपका उचलून पेरॉक्साइडच्या थेंबात बुडवला की किती बोलके उत्तर मिळते म्हणून सांगू! थेंब फसफसला तर तो घोस करून राहणाऱ्यांच्या कुळातला. मख्ख राहिला तर माळ करून राहणाऱ्यांच्या कुळातला. दुसऱ्या एका क्षाराच्या द्रावणात ठिपका घोळून काडी वर उचलली आणि डिंकासारखी तार निघाली, तर त्याचे कवच पातळ. नाही निघाली तर जाड. चार काड्या, दोन थेंब, आणि शिकवलेला डोळा. यंत्र जे चार तासांत सांगते तेच मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाआधी सांगतो. (यंत्रालाही जिवाणू आधी रात्रभर वाढवूनच द्यावा लागतो, पण हे त्याच्या जाहिरातीत अगदी बारीक अक्षरांत असते.)

या सर्व वैभवाच्या शिरोभागी जे विराजमान आहे ते म्हणजे उपकरण क्रमांक सतरा. आपण तिला ओळखता. आपली धाकटी कन्या सुटीत तासन्‌तास तिच्यापाशीच बसलेली असे. होय, मेंढी. घसा धरणारा तो माळेतला जिवाणू, स्ट्रेप्टोकोकस, ओळखायचा तर रक्त मिसळलेल्या ताटलीवर वाढवावा लागतो. तो भोवतालचे रक्त विरघळवून टाकतो आणि प्रत्येक ठिपक्याभोवती स्वच्छ, पारदर्शक वलय उमटते. ते वलय मेंढीच्या रक्तावर जसे उमटते तसे अन्य कोणाच्या नाही. बाटलीबंद रक्त दुरून मागवले तर उकाड्यात नासून येते. म्हणून आठ वर्षांपूर्वी मी रुग्णालयाच्या मागील अंगणात एक मेंढी आणून बांधली. पंधरवड्यातून एकदा मानेच्या शिरेतून पेलाभर रक्त घ्यायचे, ते काचेचे मणी घातलेल्या बाटलीत दहा मिनिटे घोळवायचे म्हणजे गोठत नाही, एवढाच व्यवहार. भांडाराच्या नोंदवहीत प्राण्यासाठी रकाना नव्हता, म्हणून कारकुनाने तिची नोंद 'उपकरणे' या सदरात केली. तेव्हापासून दरवर्षी लेखी विचारणा होते की उपकरण क्रमांक सतराचे अंशांकन (मोजमाप अचूक असल्याची तपासणी) झाले आहे काय. मी दरवर्षी तिचे वजन कळवतो. अद्याप कोणाचीही तक्रार नाही. कर्मचारी तिला 'बाईसाहेब' म्हणतात, आणि अंगण झाडणाऱ्या मावशी तर तिच्याशी सासरच्या तक्रारीही बोलतात.

आता खलप्रवेश. गेल्या वर्षी आम्हांस नवे संचालक लाभले. त्यांना पाठीमागे 'कात्री' म्हणतात, कारण त्यांनी आल्या आल्या सर्व गोष्टी कापल्या: दिवे, चहा, कापूस. मग एके दिवशी त्यांची दृष्टी मागील अंगणात गेली.

"हे काय? रुग्णालयात मेंढी? आपण कुठल्या शतकात आहोत?"

"तिला विचारलं होतं साहेब. तिला नक्की माहीत नाही."

त्यांची सूचना अशी की रक्तपेढीत मुदत संपलेल्या पिशव्या फुकट पडून असतात, त्या वापराव्यात. मी त्यांना तीन पानी टिपण दिले. माणसाचे रक्त या कामी का नको, हे त्यात सप्रमाण मांडले. त्यात गोठणरोधक घातलेले असते, त्यात त्या माणसाने आयुष्यभरात जिवाणूंशी केलेल्या भांडणांचे अवशेष असतात, आणि मुख्य म्हणजे कोणी गेल्या आठवड्यात कोणते औषध गिळले होते याचा नेम नसतो. रक्तात औषध असेल तर ताटलीवर जिवाणू वाढणारच नाही, आणि आपण रोग्याला निरोगी म्हणून घरी पाठवू. टिपणाचा समारोप मी या तेजस्वी वाक्याने केला होता: "तद्विपरीत, प्रस्तुत मेंढी सर्वथा निर्व्यसनी व निरौषध आहे." साडूभाऊ, हे वाक्य आता रुग्णालयात माझ्यामागे कोणकोणत्या स्वरांत उच्चारले जाते ते मी इथे लिहीत नाही.

कारण त्यानंतरच्याच महिन्यात एक चमत्कार झाला. घशाचे स्वॅब येत होते, मी ताटल्यांवर रेघा ओढत होतो, आणि वलये दिसेनात. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. एकसष्ट घसे, आणि माळेतला एकही जिवाणू नाही! मी प्रत्येक अहवालावर 'आढळला नाही' असे लिहून सही केली. संचालकांना वार्ता कळताच त्यांनी ती आपल्या स्वच्छता-मोहिमेच्या खाती जमा केली. प्रवेशद्वाराशी 'जंतुमुक्त आठवडा' अशी चार हात रुंद पाटी लागली. विश्वस्त आले, छायाचित्र निघाले. त्या छायाचित्रात डावीकडून दुसरा, हातात पुष्पगुच्छ, चेहऱ्यावर अकारण स्मित, तो मी. (हे छायाचित्र आपल्या दिवाणखान्यात असल्यास कृपया भिंतीकडे तोंड करून ठेवावे.)

आणि मग आपला दूरध्वनी आला. आपण म्हणालात, "साडू, तुमचा कागद म्हणतो पोर बरी आहे. पोर म्हणते गिळता येत नाही. आता मी कोणाचं ऐकू?" आपण चेष्टेने विचारले होते हे मी जाणतो. पण मी रिसीव्हर ठेवला आणि स्टुलावर बसलो, आणि सव्वीस वर्षांत प्रथमच मला तोल सांभाळता आला नाही.

इथे एक कबुली देणे प्राप्त आहे. रक्ताची नवी खेप आली की एका ताटलीवर आधी आपल्या माहितीतला, जपून ठेवलेला जिवाणू लावून पाहायचा असतो. तो वाढला तर ताटल्या विश्वासार्ह. हा या विद्येचा पहिला धडा आहे. मी तो स्वतः बारा जणांना शिकवला आहे. त्या खेपेला मी तो धडा गाळला. एक ताटली वाचवली. आठ वर्षांत बाईसाहेबांनी कधी दगा दिला नव्हता, आणि मला वाटले, आपल्याला कोण पडताळणार? कात्रीला मी इतके दिवस हसत होतो. माझ्या खिशातही तिचे एक पिल्लू होते.

मी तो माहितीतला जिवाणू नव्या ताटलीवर लावला आणि मागच्या खेपेच्या उरलेल्यांपैकी एका ताटलीवरही. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या ताटलीवर वलयांची नक्षी होती. नवीवर काहीही नव्हते. म्हणजे दोष जिवाणूचा नव्हे, रक्ताचा. मी तडक अंगणात गेलो. जी बाईसाहेब महिनाभर मागच्या खुरावर लंगडत होती, ती तुरुतुरु चालत होती. खुराची जखम भरलेली होती. आणि गवतात इंजेक्शनाची एक रिकामी कुपी पडलेली होती. माझ्या त्या खेपेच्या आदल्याच दिवशी कोणीतरी गुरांच्या डॉक्टरला बोलावून तिला पेनिसिलिन दिले होते. ते तिच्या रक्तातून माझ्या ताटल्यांत उतरले, आणि एकसष्ट घशांतले जिवाणू माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच ताटल्यांवर, निःशब्दपणे निजधामास गेले. घशांतले मात्र जागच्या जागी होते.

कोणी दिले, हे मला तासाभरात कळले. नाव मी कोणालाच सांगितलेले नाही, आपणांसही सांगणार नाही. त्या व्यक्तीला मी खडसावायला गेलो तेव्हा तिने मला एवढेच विचारले, "तिला दुखत होतं. तुमच्या ताटल्यांसाठी तिनं लंगडतच राहायचं का?" महिनाभर ती मेंढी माझ्यासमोर लंगडत होती आणि मी तिच्या फक्त मानेकडे पाहत होतो.

मग मी संचालकांकडे गेलो आणि म्हणालो, एकसष्टही जणांना परत बोलवावे लागेल. ते पांढरे पडले, मग तांबडे.

"लोक काय म्हणतील?"

"घसा दुखतोय म्हणतील."

"बाहेर पाटी लागलीय हो! विश्वस्तांनी फोटो फ्रेम केलाय!"

"फ्रेमवर माझा आक्षेप नाही. घशावर आहे."

"त्या मेंढीला इंजेक्शन कोणी दिलं? नाव सांगा, प्रकरण इथेच मिटवतो."

"लिहून घ्या. मी दिलं."

"तुम्हाला मेंढीला सुई टोचता येते?"

"आठ वर्षं टोचतोय साहेब. काढायला येतं, तर घालायला किती अवघड असणार?"

त्यांनी परवानगी दिली नाही. मी ती मागितलीही नव्हती. मी माहिती देत होतो. एकसष्ट घरी निरोप गेले. जुन्या खेपेच्या सतरा ताटल्या शिल्लक होत्या, तेव्हा प्रत्येकीच्या पाठीवर पेनाने रेषा आखून चार वाटे केले आणि एका ताटलीत चार घसे बसवले. सोळा ताटल्यांत एकसष्ट माणसे मावली. सतरावी कशासाठी वापरली हे आपणांसारख्या गणितज्ञास सांगायला नको. या वेळी पहिला धडा पहिला गिरवला.

नऊ घशांत माळेतला जिवाणू निघाला. त्यांत एक आपल्या धाकटीचा. औषध सुरू झाले, आता ती गिळते आणि बोलतेही (दुसरे काम अधिक), हे आपण जाणताच. संचालकांनी माझ्याकडे लेखी क्षमापत्र मागितले आहे, 'संस्थेची प्रतिमा मलिन केल्याबद्दल'. ते मी लिहिणार नाही, निवृत्तीपर्यंत लिहिणार नाही, आणि निवृत्तीनंतर माझे अक्षर बिघडलेले असेल. क्षमापत्र मी एकच लिहिले, ते आपल्या अकरा वर्षांच्या धाकटीला. तिने त्यातल्या शुद्धलेखनाची एक चूक काढून ते परत पाठवले आणि खाली लिहिले, 'ठीक आहे काका. बाईसाहेब कशी आहे?' आमच्या संस्थेत इतका मुद्देसूद शेरा मी आजवर वाचलेला नाही.

यानंतर आठवडा गेला, दुसरा गेला, पण पाटी प्रवेशद्वाराशी तशीच. (मधल्या दिवसांत शेजारच्या गावच्या एका सहृदय प्रयोगशाळेने बाटलीभर रक्त उसने दिले.) नऊ रोगी त्या पाटीखालून औषध न्यायला येत. सोमवारी मी भर दुपारी, सर्वांदेखत, शिडी लावली आणि पाटीचे सहाही स्क्रू काढले. मावशींनी शिडी धरली. खिडकीतून कात्री ओरडत होते, "खाली उतरा!" मी उतरलो, पाटीसह उतरलो. त्यांनी उतरायला सांगितले होते, रिकाम्या हातांनी असे म्हटले नव्हते.

मंगळवारी आदेश आला. उपकरण क्रमांक सतरा शनिवारी दुपारी बारापर्यंत रुग्णालयाच्या परिसरातून हलवावे, अन्यथा खाटकास देण्यात येईल. आणि मेंढीच्या रक्ताची सोय नसल्यास जिवाणू-कक्ष सोमवारपासून बंद. सर्व नमुने बाहेरगावी जातील. बाहेरगावचा अहवाल पाच दिवसांनी येतो, साडूभाऊ. पाच दिवसांत घशाचे दुखणे एक तर बरे होते किंवा हृदयाच्या वाटेला लागते; दोन्ही प्रसंगी कागद उशिराच पोहोचतो.

मी तो आदेश चार वेळा वाचला. (कात्रींची भाषा सदोष असली तरी वाचनीय आहे.) त्यात मेंढी परिसरात नको असे म्हटले आहे. तिचे रक्त परिसरात नको असे कुठेही म्हटलेले नाही. परवा मी औषध उतरल्यावरचे पहिले रक्त काढले, माहितीतला जिवाणू लावला, आणि आज सकाळी ताटलीवर अशी देखणी वलये उमटली आहेत की पाहत राहावे. तेव्हा मी ठरवले आहे. बाईसाहेब परिसराबाहेर राहील, रक्त परिसरात येईल, कक्ष चालू राहील, काड्या बुडत राहतील, मेणबत्त्या विझत राहतील. आणि हे सर्व कात्रींच्या नाकावर टिच्चून, त्यांच्याच आदेशाचे अक्षरशः पालन करून घडेल. माझे स्टूल तीन पायांचे असेल, पण मी त्यावरून उठणार नाही.

इति सत्यकथनम्. मेहुणीबाईंना सादर, मातोश्रींना दंडवत (आणि मी कोणाचीही हत्या केलेली नाही हा निरोप), धाकटीला आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (केवळ आपला),
आपला साडू

ता. क. परिसराबाहेर म्हणजे नेमके कुठे, हा प्रश्न आपल्या चिकित्सक बुद्धीस पडलाच असेल. रुग्णालयापासून चालत बारा मिनिटांवर, कुंपण असलेले, पाण्याची सोय असलेले आणि उत्तम प्रतीच्या गवताने युक्त असे एकच परस मला ठाऊक आहे. मोजमापे आपणच मला एकदा अर्धा तास ऐकवली होती.

ता. क. २. मेहुणीबाईंनी संमती बुधवारीच दिली आहे. आमच्या सौभाग्यवतींनी गुरुवारी अनुमोदन दिले. आपले मत आम्ही सर्वांनी अत्यंत आदरपूर्वक शेवटी ठेवले आहे.

ता. क. ३. हे पत्र घेऊन आलेल्या मावशींना कृपया चहा द्यावा, आणि त्यांच्यापाशी इंजेक्शनाचा विषय काढू नये.

ता. क. ४. पत्र इतके लांबले कसे, असे आपण म्हणाल. टेंपोतून मेंढी उतरवणे, खुंटी ठोकणे, पाण्याची बादली भरणे आणि चार हातांच्या पाटीचे छप्पर उभे करणे, या सर्वांना अर्धा तास लागतो असे मावशींचे म्हणणे पडले. मी त्या हिशेबाने लिहिले. मागचे फाटक मेहुणीबाईंनी सकाळीच उघडे ठेवले होते. आता आपण उठून मागच्या खिडकीशी जावे. हिरवळीचा डावा कोपरा पाहू नये. दोरीचे एक टोक बाईसाहेबांच्या गळ्यात आहे. दुसरे आपल्या घरातल्या कोणाच्या हातात आहे ते पाहावे, आणि मग तिला नाही म्हणून दाखवावे.